डोळ्यातलं फूल आणि सोन्याची शाई

आपल्या भाषेत 'फूल' हा शब्द सहसा आनंदाच्या जागी येतो. पूजेला फूल, वेणीत फूल, ओटीत फूल. पण एक फूल कुणालाच आपल्या घरी नको असतं. 'तिच्या डोळ्यात फूल पडलंय' असं सांगताना बोलणारीचा आवाज आपोआप खाली येतो. हे फूल म्हणजे बुबुळावर पडलेला पांढरा डाग. आज आम्ही या डागाचा, आणि तो झाकण्यासाठी माणसाने शतकानुशतकं केलेल्या खटाटोपाचा इतिहास सांगणार आहोत. त्यात डाळिंबाची साल आहे, चिनी शाई आहे, चक्क सोनं आहे, आणि आपल्या मुंबईतल्या दोन डॉक्टरांची नावंही आहेत.

आधी हा डाग कशावर पडतो ते समजून घेऊ. घड्याळाच्या तबकडीवर जशी काच असते, तसा आपल्या डोळ्याच्या रंगीत भागावर एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ राहतो. त्याच्या मागे तपकिरी परितारिका आणि मधोमध काळी बाहुली. पारपटलावर सगळ्यात वर पेशींचा एक पातळ थर असतो. तो खरचटला तर काही दिवसांत पुन्हा भरून येतो आणि मागे खूण राहत नाही. पण जखम त्या थराखाली, पारपटलाच्या जाड गाभ्यात गेली, तर ती भरताना वण उठतो. हातावरचा वण आपण बाहीखाली झाकतो. डोळ्यातला वण मात्र समोरच्याच्या नजरेला पहिल्यांदा दिसतो, कारण माणूस माणसाच्या डोळ्यांकडेच पाहून बोलतो.

हे वण आपल्याकडे इतके का होते, याचं मोठं उत्तर 'देवी' या एका शब्दात आहे. देवीच्या साथीतून जी मुलं वाचत, त्यांच्या चेहऱ्यावर खड्डे राहत आणि कित्येकांच्या एका किंवा दोन्ही डोळ्यांत फूल राही. या रोगाविरुद्धची लढाई भारतात सुरू झाली ती मुंबईतच. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला इथे देवीची लस टोचली गेली, आणि तिच्या हातावरच्या फोडातल्या लशीतून पुढे इतरांना लस मिळत गेली. या देशात लशीने संरक्षण मिळालेली पहिली व्यक्ती एक लहान मुलगी होती, हे आपण बायकांनी आवर्जून लक्षात ठेवावं. तरीही देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण भारतात सापडला तो १९७५ साली. मधल्या पावणेदोनशे वर्षांत किती डोळ्यांत फुलं पडली असतील, याचा विचार करा. आपल्या आजीच्या पिढीत असा एक तरी चेहरा प्रत्येक वाडीत, प्रत्येक चाळीत असे.

देवी ही एकटी कारण नव्हती. गोवर, खुपऱ्या, जन्मताना बाळाच्या डोळ्यांना झालेला संसर्ग, भाताची कापणी करताना डोळ्यात गेलेलं पातं, दिवाळीचा फटाका, चुन्याची डबी, अशी यादी लांब आहे. त्यात सगळ्यात गुपचूप येणारं कारण म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता. आधी मुलाला संध्याकाळी दिसेनासं होतं, मग डोळा कोरडा पडतो, आणि एखाद्या जुलाबाच्या किंवा गोवराच्या आजारात पारपटल अक्षरशः विरघळतं. म्हणजे फूल पडतं डोळ्यात, पण त्याचं मूळ पुष्कळदा ताटात असतं.

आपल्या जुन्या वैद्यांनी हा विकार ओळखला होता. सुश्रुतसंहितेत काळ्या बुबुळाच्या रोगांमध्ये सव्रण शुक्र आणि अव्रण शुक्र असे दोन प्रकार वेगळे सांगितले आहेत: एक जखम असलेला, एक जखम भरून डाग उरलेला. हा भेद आजच्या डॉक्टरांनाही पटेल, कारण चालू जखम आणि जुना वण यांचे उपचार अगदी वेगळे असतात. आपल्या पुराणातल्या शुक्राचार्यांची गोष्टही सगळ्यांना ठाऊक आहे. बळीराजाच्या दानात अडथळा आणायला ते झारीच्या तोटीत बसले, वामनाने दर्भाची काडी घातली आणि त्यांचा एक डोळा गेला. 'झारीतले शुक्राचार्य' आपण रोज म्हणतो, पण गवताच्या काडीने डोळा जाणं हा आपल्या शेतांतला अगदी खरा अपघात आहे, हे त्या गोष्टीत लपलेलं आपण विसरतो.

डाग पुसता येत नसेल तर निदान रंगवून टाकावा, ही कल्पना फार जुनी आहे. साधारण अठराशे वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यात गेलन नावाचे मोठे वैद्य होऊन गेले. त्यांच्या नावावर जी कृती सांगितली जाते ती अशी: तापवलेल्या सळईने डागाचा पृष्ठभाग हलकासा डागायचा आणि त्यावर मायफळाची पूड आणि लोह, किंवा डाळिंबाच्या सालीची पूड आणि तांब्याचा क्षार लावायचा. मायफळ म्हणजे बाळगुटीत उगाळतो तेच. मायफळ आणि डाळिंबाची साल या दोन्हींत तुरट द्रव्य असतं, आणि लोखंडाशी ते मिळालं की काळी शाई तयार होते. जुन्या पोथ्या लिहायची शाई अशीही करत. म्हणजे त्या वैद्याने रुग्णाच्या डोळ्यावर एका अर्थी शाईच बनवली. हे ऐकून कुणीही घरी प्रयोग करू नये, हे वेगळं सांगायला नकोच.

यानंतर कित्येक शतकं ही विद्या मागे पडली. ती पुन्हा वर आली १८६९ च्या सुमारास पॅरिसमध्ये. लुई द वेकर या नेत्रशल्यविशारदाने वणावर काळ्या शाईचा दाट लेप दिला आणि सुईने बारीक बारीक टोचून ती शाई पारपटलाच्या गाभ्यात उतरवली. ही शाई मूळची चिनी, इंग्रज तिला 'इंडियन इंक' म्हणत, आणि तिचा जीव काय, तर काजळी. मैत्रिणींनो, ही रीत आपल्याला परकी वाटण्याचं काहीच कारण नाही. काजळी आणि सुई म्हणजे आपलं गोंदणच. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवट निळे ठिपके होते, ते याच तत्त्वावर टिकले. त्वचेचा वरचा थर रोज झडतो, पण त्याखाली पोचलेली काजळी तिथेच राहते. डोळ्यातही तसंच. वरचा पेशींचा थर पुन्हा येतो आणि खाली गेलेला रंग झाकला जातो. फरक एवढाच की गोंदण हे अंगावर खूण उमटवण्यासाठी, आणि हे गोंदण खूण मिटवण्यासाठी.

त्या काळातल्या रुग्णांची हिंमत मात्र पाहा. थेंब घालून डोळा बधिर करण्याची सोय व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी १८८४ साली दाखवून दिली. वेकर यांनी काम सुरू केलं ते त्याच्या पंधरा वर्षं आधी. उघड्या डोळ्यावर येणारी सुई पाहत माणसं बसत होती. दृष्टी परत मिळणार नाही हे ठाऊक असताना, फक्त चारचौघांत मान वर करून बसता यावं म्हणून.

पुढची पायरी १९२५ ची. स्वित्झर्लंडमधले क्नाप यांनी सुईऐवजी रसायन वापरलं, आणि ते होतं सोन्याचा क्षार, गोल्ड क्लोराइड. त्याच सुमारास प्लॅटिनमच्या क्षाराचाही वापर सुरू झाला. पुढे नेत्रचिकित्सेच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावलेली कृती साधारण अशी: वणावरचा पातळ थर हळूच खरवडून काढायचा. डागाच्या आकाराचा टिपकागदाचा तुकडा कापायचा, क्षाराच्या सौम्य द्रावणात भिजवायचा आणि दोन-तीन मिनिटं वणावर ठेवायचा. मग कागद काढून दुसऱ्या एका रसायनाचे ताजे थेंब सोडायचे. पाहता पाहता पांढरा डाग गडद होतो. सोन्याने तपकिरी छटा येते, प्लॅटिनमने काळी. परितारिकेच्या जागी सोनं, बाहुलीच्या जागी प्लॅटिनम! गळ्यात पिवळंधमक झळकणारं सोनं अतिसूक्ष्म कणांत विखुरलं की तपकिरी दिसतं, हे त्यामागचं गुपित. शेवटी डोळा धुऊन, मलम घालून पट्टी बांधायची. काही दिवसांत वरचा थर भरून येतो.

आता मुंबईकडे वळू. गोरेगावहून हार्बरची सीएसएमटी गाडी धरली की गाडी न बदलता सँडहर्स्ट रोडला उतरता येतं, आणि तिथून भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय जवळच आहे. आज जे. जे.चा नेत्रविभाग म्हटला की मराठी माणसाला डॉ. तात्याराव लहाने आठवतात. पण त्या आवाराचा डोळ्यांशी संबंध त्याहून खूप जुना आहे. एकोणिसाव्या शतकात कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराच्या देणगीतून तिथे खास डोळ्यांचं रुग्णालय उभं राहिलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या रुग्णालयाशी जोडलेलं एक मोठं नाव म्हणजे सर जमशेदजी दुग्गन. १९३६ साली दुग्गन आणि त्यांचे सहकारी बी. पी. नानावटी यांचा एक लेख 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी' या नेत्रविज्ञानाच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. विषय होता, सोन्याच्या आणि प्लॅटिनमच्या क्लोराइडने पारपटलावरचे डाग रंगवणं. युरोपात ही रीत येऊन जेमतेम अकरा वर्षं झाली होती. आजही जगात कुठे या विषयाचा इतिहास लिहिला जातो, तेव्हा मुंबईच्या या लेखाचा उल्लेख होतो.

आम्हाला या लेखाचं महत्त्व वाटतं ते एवढ्यासाठीच नाही की त्यावर आपल्या शहराचं नाव आहे. तो काळ आठवा. शहरात देवीच्या साथी येत-जात होत्या, प्रतिजैविकं हाताशी नव्हती, डोळ्यांच्या दवाखान्यासमोर दृष्टी वाचवण्यासाठीच रांगा. अशा गर्दीत दोन नामांकित डॉक्टर, ज्या डोळ्याला पुन्हा दिसणार नाही त्याच्या दिसण्यासाठी वेळ काढतात, आणि त्यावर गंभीरपणे लिहितात. 'हे तर नटणं-मुरडणं' म्हणून त्यांनी ते झटकून टाकलं नाही. डागाचं दुखणं डोळ्यात नसतं, ते लोकांच्या नजरेत असतं, आणि तेही दुखणंच आहे, एवढं त्या कामाने मान्य केलं.

ते दुखणं बाईला जास्त भोगावं लागतं, हे आपण सांगायला नको. मुलीचा फोटो एका बाजूनेच काढायचा. पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसायला सांगायचं आणि वर त्याला 'लाजाळू' म्हणायचं. 'काणी' हा शब्द शाळेत टोपणनाव म्हणून चिकटतो तो सासरपर्यंत जातो. सकाळी कामाला निघताना समोर येऊ नकोस असं घरच्याच माणसाने म्हणावं, याहून मोठा अपमान कोणता? आपल्या गोरेगावात १९७७ पासून चित्रनगरी आहे. पडद्यावर एखादा माणूस दुष्ट दाखवायचा असला की त्याच्या एका डोळ्यात पांढरी लेन्स बसवतात. ती लेन्स संध्याकाळी मेकअपबरोबर निघते. ज्यांच्या डोळ्यात ती कायमची आहे, त्यांनी लोकलमध्ये समोरच्या बाकावरच्या मुलाची घाबरलेली नजर रोज झेलायची. कायद्याचंही पाहा. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असेल, तर अपंगत्व साधारण ३० टक्के धरतात. सवलतींची पायरी ४० टक्क्यांपासून सुरू होते. म्हणजे सरकारच्या हिशेबात ती अपंग नाही, आणि समाजाच्या हिशेबात ती धड नाही. या दोन हिशेबांच्या मधे जिला उभं राहायचंय, तिच्यासाठी सोन्याच्या क्षाराचे ते दोन-तीन मिनिटांचे उपचार क्षुल्लक नव्हते.

पण याच इतिहासाची दुसरी बाजू सांगितली नाही तर आमचं बोलणं अर्धवट राहील. रंग डाग झाकतो, नजर देत नाही. म्हणून या उपचाराचा पहिला नियम असा की ज्या डोळ्यात कामाची दृष्टी उरलेली नाही आणि परत येण्याची आशा नाही, डोळा शांत आहे, लाली-वेदना नाही, वण घट्ट आणि सपाट आहे, अशाच डोळ्यावर तो करायचा. काही वेळा अर्धवट वणामुळे प्रकाश विखरून डोळे दिपतात, तिथेही त्याचा उपयोग होतो. पण वण पातळ असेल, पुढे फुगला असेल, डोळ्यातला दाब वाढलेला असेल, तर त्याला हात लावणं धोक्याचं. आणि कायमचा रंग असं काही नसतं. शरीरातल्या पेशी रंगाचे कण हळूहळू उचलून नेतात, वणात रक्तवाहिन्या शिरल्या असतील तर रंग लवकर फिकटतो. धातूच्या क्षारांची रीत सोपी आणि झटपट, पण ती शाईच्या गोंदणापेक्षा लवकर उतरते. काही वर्षांनी पुन्हा रंगवावं लागतं.

पुढे ही रीत मागे पडली, त्याचं कारण आनंदाचं आहे. ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झिर्म यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथे पारपटलाचं पहिलं यशस्वी रोपण केलं होतं. भारतात पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासला निघाली. जसजशी नेत्रपेढ्यांची आणि शल्यविशारदांची संख्या वाढली, तसतसा डाग रंगवण्याऐवजी तो काढून त्या जागी स्वच्छ पारपटल बसवणं शक्य झालं. ज्या डोळ्याच्या मागचा पडदा आणि नस शाबूत आहे, त्याला यातून दृष्टीही मिळते. ज्यांना रोपणाचा लाभ नाही त्यांच्यासाठी डोळ्याच्या रंगाच्या कॉन्टॅक्ट लेन्स आल्या, डागावर बसणारं कवच आलं. सुईचं गोंदण तरीही संपलं नाही. भारतातले काही नेत्रतज्ज्ञ निवडक रुग्णांसाठी ते आजही करतात. स्पेनमध्ये होर्हे आलियो यांच्या गटाने गेल्या दीड दशकात लेझरने पारपटलात सूक्ष्म पोकळी करून त्यात खनिज रंग भरण्याची रीत पुढे आणली.

इथेच एक नवा घोळ सुरू झाला आहे. तेच लेझर वापरून धडधाकट डोळ्याचा तपकिरी रंग निळा-हिरवा करून देण्याच्या जाहिराती मोबाइलवर फिरतात. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ च्या जानेवारीत याविषयी लोकांना सावध केलं: निरोगी पारपटलाला नुसत्या हौसेसाठी इजा करू नका, त्यात संसर्ग, प्रकाशाचा त्रास आणि दृष्टी अधू होण्याचा धोका आहे. गंमत पाहा, ज्या तपकिरी रंगासाठी दुग्गन-नानावटींच्या काळात सोनं खर्ची पडत होतं, तोच रंग कुणाला आता नकोसा झाला आहे.

या सगळ्या इतिहासातून आम्ही एकच गोष्ट घेतली. डोळ्यातल्या फुलाबद्दल प्रश्न विचारायचा तो क्रमाने. आधी विचारायचं, या डोळ्याला दिसू शकेल का? मग विचारायचं, दिसणार नसेल तर तो कसा दिसावा? आपल्याकडे मुलीच्या बाबतीत हा क्रम हमखास उलटा होतो. लग्न ठरायच्या वेळी एकदम धावाधाव होते आणि तेव्हा कळतं की लहानपणीच तपासणी झाली असती तर नजर वाचली असती. लहान मुलाच्या डोळ्यासमोर डाग राहिला तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही, आणि नंतर पारपटल बदलूनही फारसा उपयोग होत नाही. म्हणून बाळाच्या बुबुळावर पांढरं काही दिसलं तर 'मोठी झाल्यावर बघू' म्हणू नका. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

आणि फूल पडूच नये म्हणून करायच्या गोष्टी तर आपल्याच हातात आहेत. गोवराची लस चुकवू नका. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस मिळतात, ते पूर्ण करा. शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा, पपई, आंबा हे मुलांच्या ताटात येऊ द्या. डोळा लाल झाला, काही टोचलं, तर मध, कांद्याचा रस, आईचं दूध, तुरटीचं पाणी यातलं काहीही घालू नका. केमिस्टला विचारून स्टिरॉइडचे थेंब तर मुळीच नकोत. बुरशीची जखम असली तर त्यांनी ती भडकते. चुना किंवा फिनाइल डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहायचं आणि तसंच दवाखान्यात जायचं.

शेवटची गोष्ट नेत्रदानाची. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावं लागतं. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी चालतं. दुःखाच्या त्या घटकेला हे सांगायला घरात कुणीतरी एक तयार लागते. आपण प्रत्येकीने घरच्यांना आजच सांगून ठेवू या, म्हणजे त्या वेळी कुणाला विचार करत बसावं लागणार नाही.

ज्यांच्या डोळ्यात फूल आहे आणि राहणार आहे, त्या आमच्या बहिणींना एवढंच सांगतो: तुम्हाला लेन्स लावावीशी वाटली, रंग भरून घ्यावासा वाटला, तर त्यात कमीपणा नाही, चांगल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. आणि नाही वाटलं, तर त्यातही कमीपणा नाही. नजर खाली घालायची ती टोपणनावं ठेवणाऱ्यांनी.